पिवळं पाकीट आणि फोनवरची बातमी: निर्वासितांना माध्यम साक्षरता कशासाठी लागते?

8 डिसेंबर 2024 ला सीरियात बशर अल-असद यांची राजवट कोसळली. दुसऱ्याच दिवशी जर्मनीत दोन गोष्टी घडल्या. आश्रयाच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या केंद्रीय कार्यालयाने सीरियन लोकांच्या प्रलंबित अर्जांवरचे निर्णय तूर्त थांबवले. आणि तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे येन्स श्पान यांनी टीव्हीवर एक कल्पना मांडली: ज्यांना परत जायचंय त्यांच्यासाठी सरकारने विमानं ठरवावीत आणि नव्या सुरुवातीसाठी हातात 1000 युरो द्यावेत.

पहिला होता निर्णय, दुसरी नुसती सूचना. निर्णय लागू होता सुमारे 47 हजार अर्जांना. ज्यांच्याकडे राहण्याचा परवाना आधीच होता, त्यांच्या परवान्याला त्याने धक्का लागत नव्हता. पण जर्मनीत सीरियन लोक जवळजवळ 10 लाख. अशा दोन बातम्या एकाच दिवशी एकाच फोनवर आल्या की त्यांची मिळून तिसरीच तयार होते: ‘जर्मनी सगळ्या सीरियनांना परत पाठवणार, माणशी 1000 युरो मिळणार.’ यात प्रत्येक तुकडा कुठून ना कुठून खराच आलेला असतो, म्हणूनच ती खोडायला अवघड.

हे तुकडे सुटे ठेवता येणं म्हणजे माध्यम साक्षरता. बातमी, पोस्ट, व्हिडिओ किंवा सरकारी पत्र समोर आल्यावर हे कोण म्हणतंय, त्याला तो अधिकार आहे का, आणि मला हे कधीपासून लागू होतं, एवढं ओळखता येणं. खोटी बातमी पकडणं हा त्यातला लहानसा भाग. नव्या देशात आलेल्या माणसाचा घात बहुतेक वेळा निव्वळ खोट्या बातमीने होत नाही, अर्धवट कळलेल्या खऱ्या बातमीने होतो.

हे लोक अडाणी नसतात

सीरियात 1963 पासून 2024 पर्यंत बाथ पक्षाची (असद यांच्या पक्षाची) सत्ता होती. ‘सना’ ही वृत्तसंस्था सरकारी, ‘अस-सौरा’ आणि ‘तिश्रीन’ ही वर्तमानपत्रंही सरकारीच. तिथे वाढलेला माणूस लहानपणापासून एक गोष्ट शिकतो: छापून आलंय त्यावर विसंबायचं नाही, ओळीत काय गाळलंय ते बघायचं, आणि खरं काय ते मामेभावाला विचारायचं. हीसुद्धा साक्षरताच, आणि तिने जीव वाचतात.

अडचण ही की जर्मनीत हे गणित उलटं चालतं. इथे रूक्ष सरकारी पत्रातली ओळ बंधनकारक असते आणि मामेभावाची माहिती शिळी. तो खोटं बोलत नसतो. तो 2015 ला आला, त्याला जे लागू होतं ते सांगतो. किंवा तो स्वीडनमध्ये असतो. युरोपातल्या प्रत्येक देशाचे नियम वेगळे, जर्मनीच्या 16 राज्यांमध्येही कामकाजाच्या पद्धती वेगळ्या, आणि परवान्यांचं काम तर शहराच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात होतं. सोलापूरच्या माणसाने गुलबर्ग्याच्या पाहुण्याला विचारून सातबाऱ्यावर नाव चढवायला निघावं, तसं हे.

त्यामुळे ‘नातेवाइकांचं ऐकू नका’ असं सांगून काही होत नाही. त्यांना दोन प्रश्न विचारायला शिकवावं लागतं: हे कुठल्या वर्षी घडलं, आणि कुठल्या शहरात?

सरकारचं एक ट्विट

गोंधळ फक्त ऐकणाऱ्याकडून होतो असं मानायचं कारण नाही. 25 ऑगस्ट 2015 ला याच केंद्रीय कार्यालयाने (जर्मनीत त्याला लघुनावाने ‘बाम्फ’ म्हणतात) एक ट्विट केलं. युरोपात निर्वासित ज्या देशात पहिल्यांदा पोचतो त्यानेच त्याचा अर्ज बघायचा, असा नियम आहे. त्याला डब्लिन प्रक्रिया म्हणतात. ट्विटचा आशय असा की सीरियन नागरिकांच्या बाबतीत डब्लिन प्रक्रिया ‘सध्याच्या घडीला, बहुतांशी, प्रत्यक्षात’ पुढे नेली जात नाही. जर्मन वाक्यात हे तिन्ही शब्द होते. ते कचेरीतल्या कामाच्या ढिगाबद्दलचं वाक्य होतं. पण हंगेरीच्या वाटेवर असलेल्या माणसाने ते भाषांतराचं भाषांतर वाचलं, आणि तिथे तीन शब्द गळून उरलं एवढंच: जर्मनी सीरियनांना घेतेय. त्या वर्षी सुमारे 8 लाख 90 हजार लोक आश्रयासाठी जर्मनीत पोचले. त्याला युद्ध, उपासमार, शेजारच्या देशांतल्या छावण्यांची दैना ही खरी कारणं होती. ट्विटने माणसं घराबाहेर काढली नाहीत. पण आधीच निघालेल्यांनी कुठे जायचं हे ठरवताना त्याचं वजन पडलं.

आपल्याकडे 14 एप्रिल 2020 ला वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले, कारण गाड्या सुटणार असं कानावर आलं होतं. ‘विचाराधीन’ आणि ‘ठरलं’ यांतला फरक घरी जायला आसुसलेल्या माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. तो स्पष्ट करणं हे बोलणाऱ्याचं काम.

सूचना, विधेयक, कायदा

नागपूरच्या अधिवेशनात विधेयक मांडलं म्हणून दुसऱ्या दिवशी तलाठी त्याप्रमाणे उतारा देत नाही. राजपत्रात यावं लागतं. जर्मनीतही तसंच, आणि निर्वासितांना सर्वांत जास्त चकवा इथेच बसतो.

2025 चं उदाहरण घ्या. ज्यांना निर्वासित म्हणून पूर्ण दर्जा मिळत नाही, पण मायदेशी जिवाला गंभीर धोका आहे म्हणून राहू दिलं जातं, त्यांच्या दर्जाला दुय्यम संरक्षण म्हणतात. अशांना बायकामुलांना बोलावून घेण्याची वाट दोन वर्षं बंद करण्याचा प्रस्ताव आला. खालच्या सभागृहात 27 जूनला मतदान झालं. राज्यांच्या सभागृहातून तो 11 जुलैला पुढे गेला. लागू झाला 24 जुलैला. म्हणजे ‘कायदा पास’ हा मथळा आला तेव्हा जुना नियम अजून चार आठवडे चालू होता. मधल्या काळात काय करता येतं आणि काय नाही, हे नेमकं विचारण्याची हीच वेळ. पण मथळा वाचून ‘संपलं सगळं’ म्हणून घरी बसलेल्याला ते कोण सांगणार?

म्हणून बातमी वाचताना आधी क्रियापद शोधायचं. ‘करावं’, ‘करणार’, ‘मंजूर केलं’, ‘लागू झालं’. या चार पायऱ्या आहेत आणि पोट भरतं किंवा रिकामं राहतं ते फक्त चौथीवर. शंका आली तर जर्मनीचं राजपत्र 2023 पासून इंटरनेटवरच अधिकृतपणे प्रसिद्ध होतं. भाषा जड आहे, पण तारीख तरी कुणालाही वाचता येते.

पाकीट उघडताना

माध्यम म्हटलं की टीव्ही, फेसबुक, टिकटॉक डोळ्यांपुढे येतं. निर्वासिताच्या आयुष्यातलं सर्वांत ताकदवान माध्यम मात्र एक पिवळं पाकीट असतं. जर्मन सरकारी खाती महत्त्वाचे निर्णय त्यातून पाठवतात. पोस्टमन पाकिटावर तारीख लिहितो आणि, हातात द्यायला कुणी नसेल तर, पेटीत टाकून जातो. ती तारीख म्हणजे निर्णय ‘मिळाल्याची’ तारीख. तुम्ही पेटी उघडली कधी, याला किंमत नाही. आश्रयाचा अर्ज नाकारला असेल तर न्यायालयात दाद मागायची सर्वसाधारण मुदत त्या तारखेपासून दोन आठवडे. ‘उघडपणे निराधार’ असा शेरा मारून नाकारला असेल, तर एकच आठवडा.

म्हणून पहिली सवय: पाकीट फेकायचं नाही, फोडून पत्राला टाचून ठेवायचं. पाकीट मंगळवार, 3 तारखेला आलं असेल तर दोन आठवड्यांची मुदत मंगळवार, 17 ला संपते. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरतात. सरकारी स्वागत केंद्रात राहणाऱ्याचं पत्र केंद्राकडे दिलं जातं, आणि माणूस न्यायला गेला नाही तरी तिसऱ्या दिवशी ते मिळालं असं धरलं जातं. केंद्रातल्या टपालाच्या यादीकडे रोज एक नजर टाकणं हे कुठल्याही वर्तमानपत्रापेक्षा महत्त्वाचं वाचन. पत्ता बदलला आणि कळवला नाही, तर जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्रही पोचलं असंच मानतात. यात कुणाचीही गय होत नाही.

आता आतलं पत्र. पुष्कळदा निर्णयाची पहिली दोन कलमं साधारण अशी असतात:

‘1. दुय्यम संरक्षणाचा दर्जा मान्य करण्यात येत आहे.
2. इतर बाबतीत अर्ज फेटाळण्यात येत आहे.’

फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणाऱ्याची नजर ‘फेटाळण्यात’ वर पडते आणि घरात रडारड होते. पत्रात खरं तर राहायची परवानगी आलेली असते. त्याउलट, पहिल्या ओळीवर खूश होऊन पत्र कपाटात ठेवणाऱ्याच्या लक्षात येत नाही की दुसऱ्या ओळीविरुद्ध दाद मागून पूर्ण दर्जा मागता आला असता, आणि दोन आठवडे तर निघून गेले.

वकील नेमलेला नसेल तर निर्णयाच्या या ओळी आणि दाद कुठे, किती दिवसांत मागायची याची सूचना अर्जदाराला समजेल अशा भाषेत जोडणं कायद्याने बंधनकारक आहे. ते पान बहुधा गठ्ठ्याच्या मागे असतं. आधी ते काढायचं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: या पायरीवर वकिलाशिवायही दावा लावता येतो. प्रशासकीय न्यायालयात अर्ज लिहून घेणारा कक्ष असतो, न्यायालयाचं शुल्क नसतं, आणि कारणं सविस्तर द्यायला निर्णय मिळाल्यापासून एक महिना असतो. म्हणजे ‘वकील मिळाला नाही’ म्हणून मुदत घालवायची गरज नाही. दावा आधी, कारणं मागाहून. मात्र आठवड्याची मुदत असेल तेव्हा दाव्यासोबत हद्दपारी तूर्त रोखण्याचा तातडीचा अर्जही त्याच आठवड्यात लागतो, आणि तिथे सल्लागाराशिवाय जाऊ नये.

या पत्राचा फोटो काढून फेसबुकच्या गटात ‘भावांनो, यात काय लिहिलंय?’ असं विचारायची रीत आहे. नाव, जन्मतारीख, प्रकरण क्रमांक, सगळं हजारो अनोळखी लोकांपुढे. त्यात मायदेशातले हेर असू शकतात, ‘निकाल फिरवून देतो’ म्हणून पैसे उकळणारे तर असतातच. विचारायचंच तर त्या तीन जागांवर कागदाचा कपटा ठेवून फोटो काढावा.

यंत्र भाषांतर करतं, अर्थ सांगत नाही

परवान्याची मुदत संपत आली आणि नव्याचा अर्ज वेळेत दिला, तर निकाल लागेपर्यंत एक दाखला मिळतो: फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. शब्दशः बघाल तर ‘कल्पिताचा दाखला’. कायद्याच्या भाषेत ‘जुना परवाना चालू आहे असं धरून चालू’ एवढाच त्याचा अर्थ. यंत्राने ‘काल्पनिक’ किंवा ‘बनावट’ असं काही दाखवलं की माणूस हादरतो, आणि नोकरी देणारा जर्मन मालकही कधी कधी त्या कागदाकडे संशयाने बघतो. ‘डुल्डुंग’ म्हणजे शब्दशः ‘सहन करणं’; प्रत्यक्षात हद्दपारीला तात्पुरती स्थगिती, परवाना नव्हे. असे पाच-सात शब्द भाषांतर न करता, जर्मनमध्येच, त्यांच्या परिणामासकट पाठ करून घ्यावेत. आपण ‘सातबारा’चं भाषांतर करत बसत नाही, तसं.

बाकी मजकुरासाठी यंत्र वापरायला हरकत नाही. पूर्ण पान एकदम न टाकता एकेक वाक्य टाकावं, आलेलं भाषांतर उलट जर्मनमध्ये फिरवून बघावं, आणि ‘नाही’, ‘फक्त’, ‘पर्यंत’ हे तीन शब्द दोन्हीकडे आहेत का ते तपासावं. घोळ बहुधा यांच्यातच होतो.

माणूस दुभाषी असला तरी सावधपणा लागतोच. आश्रयाच्या मुलाखतीनंतर लिहून घेतलेला जबाब परत भाषांतर करून वाचून दाखवतात आणि मग सही घेतात. तासन्‌तास बोलून थकलेला माणूस ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणून सही करतो. गावाचं नाव, तारीख, नातं चुकीचं लिहिलं गेलं असेल तर दुरुस्त करायची ही जागा. नंतर तोच जबाब न्यायालयात पुढे येतो. आणि शाळेत जर्मन लवकर शिकलेल्या दहा वर्षांच्या मुलीला आईच्या डॉक्टरपुढे किंवा कचेरीत दुभाषी म्हणून उभं करणं टाळावं. ती आईला वाईट वाटेल ते गाळते, स्वतःला न कळलेलं दडपून सांगते, आणि घरात कोण कुणाला सांभाळतंय याची घडीच विस्कटते.

यजमानांचं काय?

जानेवारी 2016 मध्ये बर्लिनमध्ये 13 वर्षांची एक मुलगी रात्रभर बेपत्ता होती. परदेशी माणसांनी पळवून अत्याचार केला, असं तिने सांगितलं. रशियन सरकारी वाहिनीने ती बातमी दाखवली, जर्मन शहरांमध्ये निदर्शनं झाली, रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनीही वक्तव्य केलं. पोलिसांनी मुलीच्या फोनवरून माग काढला. ती रात्र तिने ओळखीच्या एका मुलाकडे काढली होती. अपहरण झालंच नव्हतं.

रस्त्यावर उतरलेल्यांत बरेच जण रशियातून येऊन जर्मनीत स्थायिक झालेले होते. म्हणजे आधीच्या पिढीचे स्थलांतरित, नव्यांच्या विरोधात, जुन्या देशाच्या वाहिनीवर विश्वास ठेवून. जर्मनीत वर्षानुवर्षं राहून, भाषा येऊनही.

दुसरं उदाहरण एका फोटोचं. सप्टेंबर 2015 मध्ये एका सीरियन तरुणाने चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांच्यासोबत सेल्फी काढला. पुढे ब्रसेल्सचा हल्ला झाला, बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घुसला, आणि प्रत्येक वेळी ‘हाच तो अतिरेकी’ म्हणून त्याचा फोटो फेसबुकवर फिरला. त्याचा कशाशीही संबंध नव्हता. तो न्यायालयात गेला. मार्च 2017 मध्ये वुर्त्सबुर्गच्या न्यायालयाने अशा पोस्ट फेसबुकने आपणहून शोधून काढाव्यात ही त्याची मागणी फेटाळली. फोटो उलटा शोधायला (तोच फोटो आधी कुठे आलाय हे शोधयंत्राला विचारायला) अर्धा मिनिट लागतो. तो फोटो पुढे ढकलणारे निर्वासित नव्हते.

2016 च्या फेब्रुवारीत दोघांनी ‘होक्समॅप’ नावाचा नकाशा सुरू केला. निर्वासितांबद्दलची अफवा कुठल्या गावात उठली, आणि तिचं खंडन पोलिसांनी किंवा स्थानिक पत्राने कुठे केलं, हे ठिपक्या-ठिपक्याने त्यावर दिसे. माध्यम साक्षरतेचा वर्ग फक्त छावणीत भरवणाऱ्यांनी तो नकाशा एकदा डोळ्यांखालून घालावा.

‘आधी भाषा शिकू द्या, बाकी आपोआप होईल’

जर्मनीचा एकात्मता अभ्यासक्रम साधारणपणे 700 तासिकांचा, तासिका 45 मिनिटांची. 600 भाषेच्या, 100 देशाची ओळख करून देणाऱ्या. या ओळखीच्या भागाच्या शेवटी 33 प्रश्नांची परीक्षा, 15 बरोबर आले की तो भाग पास. अभ्यासक्रम चांगला आहे. पण तो संपायला महिने लागतात, पिवळ्या पाकिटाला दोन आठवडे. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मनची बी-वन (मध्यम) पातळी करून गेलेल्या आपल्या मुलामुलींना विचारा: तिथे गेल्यावर सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या मासिक वर्गणीचं पहिलं पत्र आलं तेव्हा किती जणांना ते फसवणुकीचं वाटलं! भाषा येत होती. हे पत्र कुठल्या जातीचं आहे, हे माहीत नव्हतं.

‘मातृभाषेत दिलं तर ते जर्मन शिकतील कशाला?’

ही भीती समजण्यासारखी आहे, पण घराचा भाडेकरार समजून घेण्यासाठी कुणी जर्मन शिकणं सोडत नाही. शिवाय मातृभाषेतली माहिती दिली नाही तर पोकळी राहत नाही. तिथे तस्कर, दलाल आणि मायदेशच्या वाहिन्या येऊन बसतात. पश्चिम जर्मनीतल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2016 मध्ये ‘डब्ल्यूडीआर फॉर यू’ सुरू केलं, अरबी आणि फारसीतही. 2017 मध्ये ‘अमल, बर्लिन!’ आलं, ज्यात परागंदा पत्रकारच शहराच्या बातम्या स्वतःच्या भाषेत देतात. त्यांचं मोल मला सरकारी पत्रकांपेक्षा जास्त वाटतं. भुयारी रेल्वेचा संप, शाळाप्रवेशाच्या तारखा, महापालिकेचं भांडण, अशा साध्या बातम्या वाचता वाचता माणूस शहराचा होतो.

‘हा सरकारी प्रचारच नाही का?’

कधी कधी असतो. जर्मन परराष्ट्र खात्याने 2017 मध्ये जर्मनीबद्दलच्या अफवा खोडणारं संकेतस्थळ काढलं. त्यातली माहिती कामाची, पण त्यामागे लोकांनी धोक्याच्या वाटेने येऊच नये हाही हेतू होता. ऐकणाऱ्याला तो वास येतो, आणि मग खरं सांगितलेलंही तो झटकून टाकतो. म्हणून परत पाठवण्याचं काम आणि माहिती देण्याचं काम एकाच टेबलावर ठेवू नये. सांगणारा सल्लागार, नर्स, शिक्षक किंवा आधी आलेला गाववाला असावा, आणि ‘हे मला माहीत नाही, गुरुवारी विचारून सांगतो’ म्हणून खरंच गुरुवारी सांगणारा असावा.

वर्ग घ्यायचा तर

दहा-बारा जण, दीड तास, त्यांच्याच भाषेत. सुरुवात ‘तुम्ही खोट्या बातम्या पसरवता’ इथून केली की वर्ग तिथेच संपला. त्यांच्या देशातल्या युद्धाची चित्रफीतही पहिल्या दिवशी नको. त्यात कुणाचा तरी भाऊ असतो. एखाद्या कंपनीची खोटी लॉटरी, घरभाड्याची बनावट जाहिरात असं निरुपद्रवी काहीतरी घ्यावं. ‘चावी पोस्टाने पाठवतो, आधी अनामत भरा’ ही जाहिरात सगळ्यांना कळते.

मग चिठ्ठ्या. एकाच विषयावरची चार वाक्यं चार कागदांवर: नेत्याची सूचना, विधेयक, लागू झालेला कायदा, आणि एखाद्या गटातली पोस्ट. गटांनी ती ‘आज माझ्यावर किती परिणाम’ या क्रमाने लावायची. वाद होतो, तो होऊ द्यावा. दुभाष्याला आधी बजावावं की सारांश नको, वाक्याला वाक्य हवं. तो सारांश करतो तेव्हा नेमकं क्रियापद गळतं. शेवटची पंधरा मिनिटं ज्यांनी आपापली पाकिटं आणली असतील त्यांच्यासाठी, बाजूला, एकेकट्याने.

वर्गाचा उपयोग झाला का, हे किती जण आले किंवा किती पत्रकं वाटली यावरून कळत नाही. सल्ला केंद्राने एक साधी वही ठेवावी: पाकिटावरची तारीख, आणि माणूस टेबलापाशी पोचला ती तारीख. पहिल्या महिन्यात दोन्हींतलं अंतर बारा-तेरा दिवसांचं असेल आणि सहाव्या महिन्यात तीन-चारवर आलं असेल, तर तो वर्ग चालू ठेवावा.